पोथी एकच, पाने निराळी

१९३२ च्या अखेरीस विनोबा भावे वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीत राहायला आले. त्यांच्या सोबतीच्या कार्यकर्त्यांपैकी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये जवळच दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. खात्रीचे औषध तेव्हा नव्हते. चालमोगरा तेलाची इंजेक्शने द्यायची, जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या आणि गावाने वेशीबाहेर काढलेल्या माणसाला आसरा द्यायचा, असे ते काम होते. १९३९ मध्ये संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री हा रोग घेऊन सेवाग्रामला आले. गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करीत. शास्त्रीजी पुढे दत्तपूरच्या कुष्ठधामात राहिले.

गांधीजींना कुष्ठरोग झाला नाही. रुग्णांच्या जखमा धुणाऱ्या बहुतेक सेवकांनाही तो कधी होत नाही. तरीही कुष्ठरोग हा संसर्गानेच होणारा आजार आहे, यात शंका नाही. जंतू अंगात शिरला तरी शंभरातल्या सुमारे पंचाण्णव माणसांचे शरीर तो परस्पर निकालात काढते. त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

उरलेल्या पाचांची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. एकाच घरातले दोन भाऊ घ्या. थोरल्याच्या दंडावर एकच फिकट चट्टा आहे. चट्ट्याची कड स्पष्ट, आत स्पर्श कळत नाही, शेजारची नस जाड झालेली. या चट्ट्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर जंतू शोधून सापडत नाही. धाकट्याच्या अंगावर ठळक चट्टे नाहीत. त्वचा तेलकट, जाडसर, कानाच्या पाळ्या सुजल्यासारख्या, भुवया विरळ झालेल्या. त्याच्या त्वचेत मात्र जंतूंचे थवेच्या थवे आहेत, कोट्यवधींनी, आणि शरीर जणू काही घडलेच नाही असे शांत आहे. पहिल्या प्रकाराला ट्युबरक्युलॉइड म्हणतात, दुसऱ्याला लेप्रोमॅटस. बहुतेक रुग्ण या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतात. १९६६ मध्ये रिडले आणि जॉपलिंग यांनी या मधल्या पायऱ्यांची जी मांडणी केली, ती आजही वापरली जाते.

जंतू एक आणि आजार दोन, हे होते कसे? त्याचे उत्तर शोधायला रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी घडतात कशा, इथवर मागे जावे लागते.

दोष जंतूचा नव्हे

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या आर्मर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये पाहिला. हा जंतू फार सावकाश वाढतो. आपल्या आतड्यातला एखादा जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. याला बारा ते चौदा दिवस लागतात. प्रयोगशाळेतल्या बशीत तो आजवर कुणालाही वाढवता आलेला नाही. २००१ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला तेव्हा त्याचे कारण समोर आले. त्याच्याकडे चालू स्थितीतली जनुके जेमतेम सोळाशे उरली आहेत आणि अकराशेहून अधिक मोडकळीला येऊन निकामी झाली आहेत. माणसाच्या पेशीत बसून राहण्याची सवय लागल्याने स्वतंत्र जगण्याची त्याची साधने झडून गेली.

जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या रुग्णांकडून घेतलेले हे जंतू ताडून पाहिले तर ते एकमेकांशी जवळपास तंतोतंत जुळतात. थोरल्याला सौम्य जंतू मिळाला आणि धाकट्याला जहाल, असे म्हणायला त्यामुळे जागा राहत नाही. धाकट्याची प्रतिकारशक्ती एकूणच दुबळी आहे, असेही नाही. सर्दी, पडसे, इतर जंतूंशी तो आपल्यासारखाच झगडतो. फक्त या एका जंतूपुढे त्याच्या पेशी चुकीच्या तऱ्हेने वागतात.

कुष्ठरोगाला पूर्वजन्मीचे पाप, बिघडलेले रक्त, घराण्याचा कलंक म्हणणाऱ्या समाजात हे पुन्हा पुन्हा सांगायला हवे असे मला वाटते. दोन्ही भावांच्या शरीरात सैनिक पेशी आहेत. त्या कामाला कोणत्या रीतीने लागल्या, एवढाच फरक आहे, आणि ती रीत ठरते जनुकांच्या नियमनाने.

बासनात बांधलेली पोथी

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तोच डीएनए असतो. त्यात सुमारे ३०० कोटी रासायनिक अक्षरांचा मजकूर आहे आणि तो दोन प्रतींत आहे, एक आईकडून, एक वडिलांकडून. प्रथिन बनवण्याची कृती सांगणाऱ्या मजकुराच्या तुकड्याला जनुक म्हणतात. अशी जनुके सुमारे वीस हजार. यकृताच्या पेशीत जे जनुक आहे, तेच डोळ्याच्या पेशीतही आहे. मग यकृत पित्त बनवते आणि डोळा पाहतो, हे कसे?

जुन्या घरांत असते तशी सुट्या पानांची पोथी डोळ्यांसमोर आणा. दोन लाकडी फळ्यांमधे पाने, वरून कापडाचे बासन, त्यावर दोरी. पोथी मोठी आहे, पण रोजच्या पाठाला लागणारी पानेच वर काढलेली असतात. बाकीची बांधून ठेवलेली. पेशीचेही तसेच. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर दोन मीटर भरतो आणि तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान केंद्रकात मावतो. त्यासाठी तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या गोळ्यांभोवती गुंडाळलेला असतो, दर गोळ्याभोवती साधारण १४७ अक्षरे. ज्या भागाची गुंडाळी घट्ट, ते पान बांधलेले. तिथला मजकूर असून नसल्यासारखा. ज्या भागाची गुंडाळी सैल, ते पान वाचता येते.

कोणते पान सैल ठेवायचे याच्या खुणा रासायनिक असतात. हिस्टोनवर अॅसिटिल गट चिकटला की गुंडाळी सैल पडते; पोथीत मोरपीस घातल्यासारखी ती खूण. काही ठरावीक जागी मिथाइल गट लागले तर उलट परिणाम होतो आणि पान मिटून राहते. मोरपीस घालणारी, काढणारी आणि दोरी आवळणारी प्रथिने वेगवेगळी आहेत.

पान सैल आहे म्हणून ते आपोआप वाचले जात नाही. वाचक लागतो. डीएनएवरच्या ठरावीक अक्षरांची ओळ ओळखून तिथे जाऊन बसणारी प्रथिने असतात. त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात, इथे आपण त्यांना वाचक प्रथिने म्हणू. ती बसली की नक्कल काढणारी यंत्रणा येते आणि त्या पानाची नक्कल तयार होते. ही नक्कल म्हणजे एमआरएनए. नक्कल केंद्रकाबाहेर जाते, तिच्याबरहुकूम प्रथिन बनते. या सगळ्याला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात.

डीएनएमधला प्रत्यक्ष प्रथिनांच्या कृतीचा भाग सुमारे दीड टक्काच आहे. उरलेल्यात कितीतरी जागा अशा आहेत, की तिथे वाचक प्रथिन बसले तर हजारो अक्षरे दूर असलेले जनुक बोलू लागते. मधला डीएनए वळसा घेऊन दोन्ही टोके जवळ आणतो. या जागांना एन्हान्सर म्हणतात. नियमनाचा बराचसा खेळ याच जागांवर चालतो.

चौकट: लेखात पुढे येणारे शब्द
जनुक: प्रथिनाची कृती सांगणारा डीएनएचा तुकडा, पोथीचे पान.
वाचक प्रथिन: डीएनएवर बसून जनुक बोलते किंवा गप्प करणारे प्रथिन.
एमआरएनए: जनुकाची तात्पुरती नक्कल. ती मोजली की पेशी त्या वेळी काय वाचते आहे ते कळते.
टी-पेशी: थायमस ग्रंथीत तयार होणारी पांढरी पेशी. ती इतर पेशींना हुकूम देते किंवा जंतूने ग्रासलेली पेशी मारते.
भक्षक पेशी: जंतू गिळणारी पेशी. कुष्ठरोगाचा जंतू हिच्याच पोटात लपतो.

अस्थिमज्जेतली पहिली निवड

रक्तातल्या सगळ्या पेशी हाडांतल्या मज्जेत राहणाऱ्या मूलपेशींपासून होतात. तांबड्या पेशीच घ्या: दर सेकंदाला सुमारे वीस लाख नव्या बनतात. मूलपेशीजवळ अनेक वाटा खुल्या असतात. तिच्यात परस्परविरोधी वाचक प्रथिने थोड्या थोड्या प्रमाणात एकाच वेळी असतात. त्यांतली दोन ठळक नावे गाटा-१ आणि पीयू-१. गाटा-१ तांबड्या पेशीची पाने वाचते, पीयू-१ पांढऱ्या पेशींची. दोघे एकमेकांना अडवतात आणि दोघेही स्वतःचेच पान अधिक जोराने वाचायला लावतात. त्यामुळे सुरुवातीचा किंचित फरक वाढत जातो आणि थोड्याच काळात एकाची सरशी होते. मग दुसऱ्याची पाने मिटतात.

'थोडे जास्त' आणि 'थोडे कमी' यालाही इथे अर्थ आहे. पीयू-१ भरपूर असेल तर पेशी भक्षक होते. बेताचे असेल तर प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशीच्या वाटेला लागते. वाचक तोच, मात्रेने दिशा बदलली.

एकदा वाट धरली की ती सुटत नाही, असे आपण धरून चालतो. व्हिएन्नाचे माइनराड बुसलिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये उंदरांत वेगळेच दाखवून दिले. बी-पेशीची ओळख टिकवणारे पॅक्स-५ नावाचे वाचक प्रथिन त्यांनी पूर्ण वाढलेल्या बी-पेशींतून काढून टाकले. त्या पेशी मागे सरकल्या, अगदी आरंभीच्या अवस्थेत गेल्या आणि तिथून त्यांच्यापासून टी-पेशी तयार झाल्या. पोथी फाटलेली नव्हती. बांधून ठेवलेली पाने पुन्हा सुटली. पेशीची ओळख ही एकदाच मिळणारी वस्तू नसून ती अखंड राखावी लागते, हे त्या प्रयोगाने जितके स्वच्छ दाखवले तितके दुसऱ्या कशाने दाखवले असेल असे मला वाटत नाही.

थायमस: जिथे पोथीची पानेच कापली जातात

कुष्ठरोगाशी खरा संबंध येतो तो टी-पेशींचा. त्यांची कोवळी पेशी मज्जेतून निघते आणि छातीच्या मधल्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत येते. ही ग्रंथी लहानपणी चांगली मोठी असते आणि वयात आल्यावर आक्रसत जाते.

थायमसमधल्या पेशींच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असते. ते कोवळ्या पेशीवरच्या नॉच या प्रथिनाला टेकते. टेकताच नॉचचा आतला तुकडा सुटून थेट केंद्रकात जातो आणि तिथे टीसीएफ-१ सारख्या वाचक प्रथिनांना कामाला लावतो. बाहेरची बातमी जनुकांपर्यंत पोचण्याची इतकी सरळ रीत क्वचितच दिसते. तरी पेशी लगेच टी-पेशी होत नाही. काही फेऱ्या विभाजन होईपर्यंत तिच्यात पीयू-१ रेंगाळत असते; तोवर ती भक्षक किंवा अन्य प्रकारची पेशी होऊ शकते. बीसीएल-११बी हे वाचक प्रथिन आले, की जुनी पाने बांधली जातात आणि परतीची वाट बंद होते. २०१० मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी हे दाखवले: बीसीएल-११बी काढून टाकले तर पेशी टी-पेशी होण्याच्या उंबरठ्यावरून भलतीकडे वळतात.

मग जे घडते त्याला शरीरात दुसरीकडे तोड नाही. सगळ्या पेशी पोथी वाचतात. टी आणि बी पेशी ती कापतात. जंतूंचे प्रकार अगणित, जनुके मात्र वीस हजारच. प्रत्येक जंतूसाठी वेगळे जनुक ठेवणे शक्यच नाही. म्हणून जंतू ओळखणाऱ्या प्रथिनाचे, म्हणजे ग्राहकाचे, जनुक अनेक सुट्या तुकड्यांत लिहिलेले असते. प्रत्येक पेशी त्यांतले एकेक तुकडे निवडते, मधला भाग कापून टाकते आणि टोके जोडते. जोडताना दोन-चार अक्षरे घालते-गाळते. प्रत्येक पेशीचा ग्राहक त्यामुळे वेगळा. सुसुमु तोनेगावा यांना बी-पेशींतल्या याच रहस्यासाठी १९८७ चे नोबेल मिळाले.

ही कापाकापी करणारी कात्री म्हणजे रॅग-१ आणि रॅग-२ ही प्रथिने. डीएनए कापणारे हत्यार पेशीत मोकळे ठेवणे किती धोक्याचे! चुकीच्या जागी काप पडला तर रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून रॅगच्या पानांवर कडक पहारा असतो. ग्राहकाची एक साखळी जुळवताना ती उघडतात, मग पेशी भराभर विभाजित होते तेव्हा मिटतात, दुसऱ्या साखळीच्या वेळी पुन्हा उघडतात आणि काम झाले की कायमची मिटतात. ही पानेच सदोष असली तर बाळाला टी आणि बी, दोन्ही पेशी नसतात आणि साध्या जंतुसंसर्गानेही जीव धोक्यात येतो.

कापून जोडलेला ग्राहक काय पकडेल याचा नेम नाही. तो आपल्याच शरीराला शत्रू मानू शकतो. म्हणून थायमसमध्ये परीक्षा होते. तिथल्या काही पेशींत एअर नावाचे प्रथिन असते. त्याच्यामुळे या पेशी इन्सुलिनसारखी, एरवी फक्त स्वादुपिंडात वाचली जाणारी पानेही थोडी थोडी वाचतात आणि कोवळ्या टी-पेशींपुढे शरीराचे नमुने मांडतात. जी टी-पेशी त्यांवर जोराने झडप घालते ती मारली जाते. जिचा ग्राहक अगदीच निरुपयोगी, तीही मरते. शंभरातल्या जेमतेम दोन ते पाच पेशी बाहेर पडतात. काहींना मारण्याऐवजी वेगळे काम मिळते: त्यांच्यात फॉक्सपी-३ हे वाचक प्रथिन येते आणि त्या इतर टी-पेशींना आवर घालणाऱ्या बनतात. या आवर घालणाऱ्या पेशींच्या शोधासाठी मेरी ब्रंकॉ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची यांना २०२५ चे नोबेल मिळाले.

थायमस सोडण्याआधी आणखी एक फाटा येतो. थपॉक हे वाचक प्रथिन जिंकले तर पेशी मदतनीस टी-पेशी होते, रंक्स-३ जिंकले तर मारेकरी टी-पेशी. इथेही एक दुसऱ्याचे पान मिटवतो. मदतनीस पेशी स्वतः जंतू मारत नाही. ती भक्षक पेशीला, बी-पेशीला, मारेकरी पेशीला काय करायचे ते सांगते. सुरुवातीच्या दोन भावांची गाठ याच मदतनीस पेशीशी आहे.

त्वचेतला शेवटचा फाटा

थायमसमधून निघालेली मदतनीस पेशी अजून कोरी असते. तिचा जंतू तिला कधी ना कधी भेटतो, तोही एकटा नव्हे. दुसरी एक पेशी त्याचे तुकडे तिच्यासमोर धरते. धरताना ती काही रसायनेही सोडते. त्या रसायनांवरून मदतनीस पेशी कोणत्या जातीची होणार ते ठरते.

समोरच्या पेशीने आयएल-१२ सोडले, तर टी-पेशीत टी-बेट हे वाचक प्रथिन प्रबळ होते. टी-बेट इंटरफेरॉन गॅमाचे पान उघडते. इंटरफेरॉन गॅमा बाहेर पडून त्याच पेशीला पुन्हा टी-बेट बनवायला लावतो, आणि टी-बेट दुसऱ्या वाटेची पाने बांधत जाते. ही टीएच-१ पेशी. त्याऐवजी आयएल-४ मिळाले तर गाटा-३ प्रबळ होते. ते आयएल-४, आयएल-५, आयएल-१३ ही शेजारी शेजारी असलेली पाने उघडते आणि टी-बेटला दाबते. ही टीएच-२ पेशी. टिम मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांनी हे दोन प्रकार १९८६ मध्ये उंदरांच्या पेशींत वेगळे ओळखले. गाटा-३ तेच आहे, जे थायमसमध्ये मदतनीस पेशी घडवायलाही लागते. तिथे ते वेगळी पाने वाचते, इथे वेगळी, कारण दोन्ही ठिकाणी बासनातून मोकळी झालेली पाने वेगळी आहेत.

माणसाच्या आजारात या दोन वाटा खरोखर वेगळ्या दिसतात का, हे पाहायला कुष्ठरोगाइतका चांगला आजार नाही. चट्टा त्वचेवर असतो, त्याचा तुकडा काढता येतो. लॉस एंजेलिसचे रॉबर्ट मॉडलिन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दोन्ही प्रकारच्या चट्ट्यांतल्या एमआरएनए नकला मोजल्या. ट्युबरक्युलॉइड चट्ट्यांत आयएल-२ आणि इंटरफेरॉन गॅमाच्या नकला भरपूर निघाल्या. लेप्रोमॅटस चट्ट्यांत आयएल-४, आयएल-५ आणि आयएल-१०च्या. दोन भावांच्या पोथीतली उघडी पाने पहिल्यांदा समोर आली.

परिणाम काय होतो, तेही आता कळते. कुष्ठरोगाचा जंतू भक्षक पेशीच्या आत आणि नसांभोवतीच्या पेशींत राहतो. भक्षक पेशी त्याला गिळते, पण हुकूम मिळाल्याखेरीज मारत नाही. हुकूम म्हणजे इंटरफेरॉन गॅमा. तो मिळाला की भक्षक पेशीत जंतुनाशक रसायनांची पाने उघडतात. त्यांपैकी एक, कॅथेलिसिडिन, ड-जीवनसत्त्वाच्या साहाय्याने बनते: सक्रिय ड-जीवनसत्त्व केंद्रकात जाऊन त्याच्या वाचक प्रथिनाला जागे करते. टीएच-२ च्या वाटेवर बी-पेशींना प्रतिपिंडे बनवण्याचा हुकूम जातो. लेप्रोमॅटस रुग्णाच्या रक्तात या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे भरपूर असतात. पण प्रतिपिंड पेशीच्या आत शिरत नाही आणि जंतू तर आतच बसलेला. शिवाय आयएल-१० भक्षक पेशीला शांत ठेवते. लेप्रोमॅटस चट्ट्यांत फॉक्सपी-३ असलेल्या आवर घालणाऱ्या पेशीही जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत.

कुष्ठतज्ज्ञ पूर्वी लेप्रोमिन चाचणी करीत. मेलेल्या जंतूंचे द्रावण हाताच्या त्वचेत टोचायचे आणि तीन-चार आठवड्यांनी पाहायचे. ट्युबरक्युलॉइड रुग्णाला तिथे गाठ येते. लेप्रोमॅटस रुग्णाला काहीच होत नाही. त्या काळच्या डॉक्टरांना जनुके दिसत नव्हती, तरी ते टी-पेशींनी कोणती वाट धरली हेच मोजत होते.

सुरुवातीला एकाला आयएल-१२ आणि दुसऱ्याला आयएल-४ का मिळाले? पहिल्या संपर्कात किती जंतू गेले, त्यांच्या मेणचट आवरणातल्या रसायनांनी पेशीला किती फसवले, आणि त्या व्यक्तीच्या पोथीतल्या काही पानांचे किरकोळ पाठभेद, या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. जंतूची चाहूल घेणाऱ्या एनओडी-२ या जनुकातले असे पाठभेद कुष्ठरोगाच्या धोक्याशी जोडलेले आढळले आहेत. पाठभेद आई-वडिलांकडून येतो, आजार येत नाही. कुष्ठरुग्णाचे मूल हा आजार घेऊन जन्मत नाही.

वाट पुन्हा वळवता येते का?

मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत डॉ. एम. जी. देव यांनी आयसीआरसी ही लस विकसित केली. जिच्यामुळे लेप्रोमिनला प्रतिसाद न देणारे शरीर प्रतिसाद देऊ लागेल, अशी ती लस असावी हा त्यामागचा विचार. डॉ. एम. डी. गुप्ते आणि सहकाऱ्यांनी दक्षिण भारतात मोठ्या लोकसंख्येवर अनेक लसी एकमेकींशी ताडून पाहिल्या. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आयसीआरसीचे संरक्षण ६५.५ टक्के, तर बीसीजीचे ३४.१ टक्के होते. क्षयासाठी बाळाला दिली जाणारी बीसीजी कुष्ठरोगापासूनही थोडे संरक्षण देते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. टी-पेशींना योग्य वाटेवर आधीच घालून ठेवण्याचा तो परिणाम आहे.

औषधोपचारातही पाने उघडण्या-मिटण्याचा प्रश्न येतो, आणि तो रुग्णाच्या हातापायाशी निगडित आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला देशातल्या पहिल्या काही जिल्ह्यांबरोबर वर्धा जिल्ह्यात एमडीटी, म्हणजे अनेक औषधांची एकत्रित उपचारपद्धती, सुरू झाली. रिफाम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफाझिमिन या औषधांनी जंतू मरतो आणि संसर्ग पसरायचा थांबतो. पण मेलेल्या जंतूंचे अवशेष त्वचेत आणि नसांत महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे राहतात. मधल्या पायरीवरच्या रुग्णात जंतूंचा भार उतरला की टी-पेशी एकाएकी टीएच-१ च्या वाटेला झुकतात. इंटरफेरॉन गॅमाचे पान उघडते. चट्टे लाल होऊन सुजतात, नस दुखते, हात किंवा पाय लुळा पडू लागतो. दवाखान्यात याला 'रिअॅक्शन' म्हणतात. शरीर जंतूविरुद्ध जागे झालेले असते, पण त्या झगड्यात नस भरडली जाते. औषध लागू पडले नाही, उलट आजार वाढला, असे वाटून पुष्कळ रुग्ण याच टप्प्यावर एमडीटी सोडतात. ती सोडायची नसते.

रिअॅक्शनवर डॉक्टर प्रेडनिसोलोन देतात. हे स्टेरॉइड पेशीच्या आवरणातून सहज आत जाते, आतल्या एका वाचक प्रथिनाला धरते आणि त्याच्यासकट केंद्रकात शिरते. तिथे दाह पेटवणाऱ्या जनुकांवर बसलेल्या वाचक प्रथिनांना ते अडवते. शिवाय अॅसिटिलची खूण पुसणारी प्रथिने ते त्या जागी आणते. मोरपीस काढून घेतले की ते पान पुन्हा मिटते. आयएल-१२ ची निर्मिती घटते, नसेवरची सूज उतरते. नस लवकर मोकळी झाली तर हाताची ताकद परत येते. सहा महिने उलटून गेले असतील तर ती परत येण्याची शक्यता फार कमी उरते. म्हणून नालवाडीची आशाताई असो की सेवाग्रामचे डॉक्टर, ते रुग्णाला प्रत्येक भेटीत मूठ आवळायला, मनगट वर उचलायला आणि डोळे घट्ट मिटायला सांगतात.

प्रेडनिसोलोन चार दिवस घेऊन बरे वाटले म्हणून थांबवता येत नाही, याचे कारणही आता स्पष्ट होईल. औषध पान मिटते, फाडत नाही. पेशीतून औषध ओसरले की खुणा पुन्हा लागू शकतात, आणि नसेत जंतूंचे अवशेष तर अजून पडलेलेच असतात. म्हणून गोळ्यांची मात्रा दर काही दिवसांनी उतरवत साधारण बारा आठवडे, गरज पडल्यास त्याहून अधिक काळ उपचार चालतो. एमडीटीचा कोर्स पूर्ण होऊन दोन-तीन वर्षे झाली असली तरी चट्टा पुन्हा लाल झाला किंवा कोपराशी नस दुखू लागली, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठायचा असतो.